सोलापूरच्या चैत्रात बेकिंग: बाजार नंतर बघू, आधी ओटा बघा

प्रश्न थोडक्यात असा. एक मुलगी लग्न होऊन पुण्याहून सोलापूरला आलीय, विजापूर रोडला राहते, लग्नात २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, मिळालाय. तिनं विचारलंय की व्हिडिओंमधे मार्च-एप्रिल आला की सगळे स्प्रिंग बेकिंग करतात, स्ट्रॉबेरी काय, रुबार्ब काय, तर सोलापुरात या दिवसांत ताजं काय मिळतं आणि त्याचं काय बनवता येईल. आणि दुसरं, पुण्यात जी रेसिपी डोळे झाकून जमायची तीच इथं बिघडते, बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटतात, केक मधोमध खाली बसतो, तर ओव्हन खराब आहे का.

तुला अगंतुगं केलं तर चालेल ना, माझ्या धाकट्या मुलीएवढीच असशील. मी जुळे सोलापुरात एकोणीस वर्षं घरी बेकिंगचे क्लास घेते आणि दरवर्षी होळी झाली की मला हाच फोन येतो, काकू ओव्हन बिघडला. ओव्हन बिघडलेला नसतो गं. सोलापूर तापलेलं असतं.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही. तू कैरी आणशील, द्राक्षं आणशील, आणि परत बिस्किटाचा पापड होईल.

रेसिपीत लिहिलेलं असतं, बटर रूम टेंपरेचरला आणा. ही रूम कुणाची? ज्यांनी लिहिली त्यांची. बटर आणि साखर फेटताना बटर साधारण १८ ते २० डिग्रीला असेल तर त्यात हवा नीट अडकते, बोट दाबलं तर खड्डा पडतो पण बोट तेलकट होत नाही असं. पुण्यात जानेवारीत अर्धा तास बाहेर ठेवलं की तिथं येतं. इथं एप्रिलच्या दुपारी माझ्या स्वैपाकघरात भिंतीवरचा काटा ३७ दाखवतो आणि बटर ३२-३५ च्या आसपास पातळच होतं, म्हणजे आपली रूम ही बटरच्या दृष्टीनं मंद गॅसच आहे. अर्धा तास ठेवलंस तर पातळ झालेलं बटर तू फेटत बसणार, त्यात हवा राहत नाही, बिस्किट ओव्हनमधे गेल्या गेल्या वाहायला लागतं, पीठ शिजून धरायच्या आतच. मी फ्रिजमधून काढलं की लगेच सुरीनं छोटे तुकडे करते आणि आठ-दहा मिनिटांत फेटायला घेते, बस. भांडंसुद्धा आधी फ्रिजमधे ठेवते. बिस्किटं थापून झाली की ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमधे, आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर अजिबात लावायचा नाही, ट्रे उलटा करून नळाखाली धर आणि पुसून घे (नळाला पाणी असेल त्या दिवशी, नसेल तर ओल्या फडक्यानं, तुला आता कळलंच असेल इथं पाण्याचं काय असतं ते).

केक बसतो त्याला दोन-तीन कारणं असतात पण उन्हाळ्यातलं मुख्य म्हणजे मिश्रण तयार करून आपण ओव्हन तापायची वाट बघतो. बेकिंग पावडर ओली झाली की काम सुरू करते आणि गरम स्वैपाकघरात ते काम भराभर होतं, दहा मिनिटं भांडं ओट्यावर राहिलं की अर्धे बुडबुडे हवेत गेलेले असतात. ओव्हन आधी लाव, १५ मिनिटं तापू दे, मग ओलं आणि कोरडं एकत्र कर आणि लगेच आत. आणि तुझी बेकिंग पावडर पुण्याहून आणलेलीच असेल तर एक चमचा गरम पाण्यात टाकून बघ, फसफसून वर आली पाहिजे, नुसती शी-शू केली तर फेकून दे. उन्हाळ्यात डबा गॅसजवळच्या कप्प्यात ठेवू नकोस, सगळ्या जणी तिथंच ठेवतात.

आणखी एक, वेळ. मी मार्च ते जून सगळं बेकिंग पहाटे पाच ते साडेसात उरकते. ही शिस्तबिस्त काही नाही, दुपारी ओव्हन लावला तर घरातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत. पण पहाटे ओटा हाताला गार लागतो, आणि बटरला तेवढंच हवं असतं.

ब्रेडचं तर गणितच आहे, एकदा शिकलीस की जन्मभर पुरेल. कणीक मळून झाल्यावर तिचं तापमान २६ च्या आसपास असावं. त्याची तिप्पट कर, ७८. त्यातून पिठाचं तापमान आणि खोलीचं तापमान वजा कर, उरेल तेवढ्या तापमानाचं पाणी घ्यायचं. आता आपल्याकडं पीठ डब्यात ३४, खोली ३७, म्हणजे ७८ वजा ७१, पाणी ७ डिग्रीचं. म्हणजे फ्रिजचं गार पाणी! आणि रेसिपी सांगते कोमट पाण्यात यीस्ट फुलवा. इथंच सगळा घोळ होतो. कोमट पाणी घेतलं की इथं कणीक चाळीस मिनिटांत दुप्पट होते, बघून आनंद होतो, पण भाजल्यावर ब्रेडला दारूसारखा आंबूस वास येतो आणि चव काही नसते. इन्स्टंट यीस्ट निम्मं कर, पाणी गार घे, आणि जमलं तर रात्री मळून फ्रिजमधे टाक, पहाटे काढ.

आता बाजार.

ते स्ट्रॉबेरी-रुबार्बचं सोड. रुबार्ब ही थंड मुलखातली भाजी, तिकडं बर्फ वितळला की जमिनीतून पहिलं ताजं तेच वर येतं म्हणून त्यांना त्याचं अप्रूप. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्याकडं येते पण मार्चमधे तिचे शेवटचे दिवस असतात आणि इथं पोचेपर्यंत डब्याच्या तळाशी रस साचलेला असतो. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, त्यात पालवी कमी आणि ऊन जास्त. पण याच दिवसांत रब्बीची ज्वारी नवीन येते, हरभरा नवीन, गहू नवीन, चिंच नवीन फोडलेली, द्राक्षांचा शेवट आणि कैरीची सुरुवात. लक्ष्मी मंडईत सकाळी सातला जा, बघ कसे ढीग असतात. कोवळा शेवगा, काकड्या, कलिंगडं, आणि कडेला बायका कैऱ्या घेऊन बसलेल्या. मी कैरी आंबट आहे का विचारलं की एक मावशी दरवेळी म्हणते, "चावून बघा की वो काकू, मी सांगून काय उपेग."

आणि तिचं बरोबरच आहे, कैरी चावूनच घ्यायची. तोतापुरी चोच असलेली, दिसायला छान, कापायला सोपी, पण आंबटपणा कमी, ती मीठ-तिखट लावून खायला. पन्हं, डाळ आणि केक यांना गावरान कैरी पाहिजे, लहान, गोलसर, करकरीत, चावल्यावर डोळा मिटला पाहिजे. कोय सुरीनं कापली जात असेल तर कोवळी, ती डाळीला चांगली. कोय टणक झाली असेल तर गर जास्त निघतो, ती उकडायला.

कैरीचा केक मी पहिल्यांदा केला तेव्हा चांगली फजिती झाली होती, सांगते. माझं डोकं असं चाललं की कैरी आंबट, आंबटाला सोडा लागतो, तर सोडा जरा सढळ घालू. किसलेली कच्ची कैरी आणि दीड चमचा सोडा. मिश्रण भांड्यात असतानाच असं फुगलं की मला वाटलं काय हलका होणार आज. ओव्हनमधे वर आलं, काठावरून खाली गेलं, हीटरच्या दांडीवर जळालं, मधला भाग खड्डा, आणि जो उरला तो काळपट आणि साबणासारखा लागायचा. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, पन्हंच केलं असतंस तर. ते मी मनाला लावून घेतलं आणि पुढच्या वेळी खरंच पन्ह्याच्या गराचाच केक केला, आणि तो जमला.

तो असा. दोन मध्यम गावरान कैऱ्या कुकरला दोन शिट्ट्या, गार झाल्या की साल काढून गर, कोयीचासुद्धा नीट ओरबाडून घे. मिक्सरला फिरवून चाळणीतून गाळ, केस राहतात. हा गर दीडशे ग्रॅम. त्यात बारीक चिरलेला गूळ १६० ग्रॅम, गर कोमट असतानाच घाल म्हणजे विरघळतो, मग पूर्ण गार होऊ दे. तेल ८० मिली, शेंगदाण्याचं नको, वास वर येतो, सूर्यफूल घे. दूध १०० मिली, ते घातलं की फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नकोस, आपल्याला ताकच पाहिजे होतं. कणीक २०० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा सपाट, सोडा अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही, चिमूटभर मीठ, वेलची, आणि जायफळ जरा जास्त. दोन्ही एकत्र करताना वीस-पंचवीस वेळा उलथन्यानं हलवायचं आणि थांबायचं. लांबट टिनमधे १७० वर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. सुरी कोरडी निघाली तरी टिनमधेच दहा मिनिटं ठेव. आणि त्याच दिवशी खाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी कापा, गूळ आणि आंबट एकमेकांत मुरतं आणि पन्ह्याचा वास तेव्हा येतो. अंडं नाही यात, म्हणून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालासुद्धा चालतो. मी ठेवते डाळ-पन्ह्याशेजारी, आधी बायका बघतात, मग दोन-दोन तुकडे उचलतात.

डाळीवरून आठवलं. चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ते अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर कुणाकडं ना कुणाकडं डाळ असतेच. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पूर्ण निथळून भरड वाटायची, पेस्ट झाली की गेलीच, कैरीचा कीस, ओलं खोबरं, मीठ, साखर, कोथिंबीर, आणि फोडणी गार करून घालायची, गरम नाही. गरम फोडणीनं डाळ लवकर आंबते. दुपारी केलेली डाळ संध्याकाळी उरली तर फ्रिजमधे, बाहेर नाही, या उन्हात तिला वेळ लागत नाही.

द्राक्षं. तुला माहितीय का, सोनाका नावाची जी लांबट द्राक्षं मिळतात ती जात आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळेंनी काढलेली आहे, उत्तर सोलापुरात, इथून हाकेच्या अंतरावर. काळी शरद सीडलेस पण त्यांचीच. लोक माळढोक बघायला नान्नजला जातात, मला नान्नज म्हटलं की द्राक्षं आठवतात. सीझन फेब्रुवारी-मार्चचा, एप्रिलला संपत येतो, आणि शेवटची द्राक्षं सगळ्यात गोड असतात कारण उन्हानं साखर वाढलेली असते. बेकिंगला घडाची सुंदर द्राक्षं विकत घेऊ नकोस. गाड्यावर घडातून सुटलेले मणी वेगळ्या ढिगात असतात, निम्म्या भावात, तेच घे, फक्त फुटलेले आणि देठाजवळ तपकिरी झालेले काढून टाक. घरी आणलीस की आधी मिठाच्या पाण्यात ठेव, मग दोन पाण्यानं धू.

इटलीत टस्कनी भागात द्राक्षं काढायच्या दिवसांत, म्हणजे तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरला, द्राक्षं घालून चपटा ब्रेड करतात. आपला द्राक्षाचा सीझन मार्चला, म्हणजे आपण मार्चला करायचा, कॅलेंडर त्यांचं कशाला धरायचं. त्यांची द्राक्षं बियांची आणि जरा आंबट असतात, आपली नुसती गोड, म्हणून मी वरून अर्धं लिंबू पिळते, तो बदल माझा. मैदा ३०० ग्रॅम, पाणी २०० मिली फ्रिजचं, यीस्ट अर्धा चहाचा चमचा, मीठ एक चमचा, तेल दोन मोठे चमचे. रात्री दहाला मळून डब्यात घालून फ्रिजमधे. पहाटे काढ, दोन भाग कर, एक मोठा एक लहान. मोठा तेल लावलेल्या ट्रेवर बोटांनी पसर, त्यावर काळी द्राक्षं पसर, साखर आणि बडीशेप भुरभुर, लहान भाग पातळ थापून वरून झाकण, कडा दुमड, परत द्राक्षं, परत थोडी साखर, तेलाची धार, लिंबू. एकूण द्राक्षं साडेतीनशे ग्रॅम. साखर द्राक्षांत आधी कालवून ठेवू नकोस, रस सुटतो आणि तळ ओला राहतो. अर्धा तास फुगू दे आणि २२० वर पंचवीस-तीस मिनिटं, खालची दांडी चालू पाहिजे. द्राक्षं फुटून जांभळा रस ब्रेडमधे उतरतो आणि कडेला साखर चिकटून कडक होते. त्या कडेवरून माझ्याकडं भांडणं होतात.

बेदाणा पण याच दिवसांत नवीन येतो, पंढरपूरकडं कासेगाव भागात शेडच शेड आहेत. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. लवकर वाळावा म्हणून द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणून केकमधे घालायच्या आधी बेदाणा कोमट पाण्यानं चोळून धुवायचाच, मग फडक्यावर कोरडा करून थोडा मैदा लावायचा. तू पुण्यात न धुता घालत असशील, बऱ्याच जणी तेच करतात.

आता ज्वारी. इथं मी जरा लांबण लावणार आहे कारण सोलापूरला येऊन ज्वारीचं बेकिंग शिकली नाहीस तर आलीस कशाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मालदांडी जात, पांढरी, टपोरी, मोत्यासारखी. फेब्रुवारी-मार्चमधे रास होते आणि नवीन ज्वारीचं पीठ हातात घेतलं की कळतं, भाकरी थापताना कड फाटत नाही. जुनं पीठ असलं की बायका म्हणतात विरी गेली. ही विरी म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं ग्लुटेन नव्हे, ज्वारीत ते नसतंच, उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो त्यावर भाकरी उभी असते. म्हणून मैद्याच्या केकमधला मैदा काढून तेवढंच ज्वारीचं पीठ घातलं तर रांगोळी होते, चमच्यानं खावा लागतो. केक करायचाच असेल तर पीठ ताकात अर्धा तास भिजवून घे आणि दोन अंडी घाल, नाहीतर निम्मी कणीक मिसळ.

पण जिथं ग्लुटेन नकोच असतं तिथं ज्वारी राणी आहे. नानकटाई. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरचा रवा-मैदा-तूप-साखर डब्यात घेऊन भट्टीवर जायचो, भट्टीवाला मोठ्या परातीत तूप-साखर तळहातानं घासायचा, पांढरं होईपर्यंत, आणि आम्हाला ट्रेवर नंबर मिळायचा. एकदा आमचा डबा बदलून आला आणि त्यात दुसऱ्याच कुणाच्या डालड्याच्या नानकटाया निघाल्या, आईनं त्या वर्षभर ऐकवल्या. तर तूप. घरचं तूप उन्हाळ्यात पातळ असतं आणि पातळ तुपाची नानकटाई पसरतेच, त्यात बटरसारखं पाणी नसतं की जे उडून जाईल आणि पीठ धरेल. तुपाची वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवून चमच्यानं सतत हलव, रवाळ पांढरं झालं की लगेच पिठीसाखर घालून घासायला घे. तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर ११०, मैदा १२०, ज्वारीचं पीठ ८०, बेसन ३०, सोडा दोन चिमटी, वेलची. ज्वारीचं पीठ आधी कोरडं भाजून घे, मंद, खमंग वास येईपर्यंत, आणि गार कर. गोळे करून मधे बोट दाब, फ्रिजमधे अर्धा तास, १६० वर अठरा ते वीस मिनिटं. ओव्हनमधून काढताना मऊ लागतील, हात लावू नकोस, गार झाल्यावर कडक होतात. ज्वारीमुळं जी रवाळ फुसफुशीत चव येते ती नुसत्या मैद्याला येत नाही, हे माझं मत आणि मी त्यावर वाद घालायला तयार आहे.

आणि लोक मला क्रॅकरची रेसिपी विचारतात! अगं कडक भाकरी म्हणजे दुसरं काय असतं? ज्वारी, मीठ, तीळ, पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग चुलीच्या कडेला उभी करून वाळवलेली, महिना-महिना टिकते. चूल नाही ना, ओटीजी आहे की. उकळत्या पाण्यात पीठ मळ, पोळपाटावर प्लास्टिक ठेवून जेवढी पातळ होईल तेवढी थाप, वर तीळ दाब, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाज पण फुगू देऊ नकोस, फडक्यानं दाबत राहा. मग ओटीजीच्या जाळीवर १२० ला पंचवीस-तीस मिनिटं आणि बंद करून आतच गार होऊ दे. मोडताना टक्क आवाज आला पाहिजे. शेंगाची चटणी आणि घट्ट दही. माझ्या ओव्हनचा सगळ्यात जास्त वापर यासाठी होतो, केकसाठी नाही.

पाडव्याला सोलापुरात सकाळी एक गंमत असते ती बघ, तुमच्या बिल्डिंगमधेच दिसेल. आमच्याकडं कडुलिंबाची कोवळी पानं, ओवा, मिरी, गूळ, भिजवलेली हरभरा डाळ, चिंच वाटून चटणी. शेजारच्या तेलुगू मावशींकडं उगादीची पचडी, ती पातळ, त्यात कडुलिंबाची फुलं, कैरीचे तुकडे, नवी चिंच, गूळ, मीठ, तिखट, वाटीनं प्यायची. वरच्या मजल्यावर कानडी घरात बेवु-बेल्ल, नुसता कडुलिंब आणि गूळ. आठच्या आत तिन्ही वाट्या माझ्या ओट्यावर येतात. पचडी मला सगळ्यात आवडते, हे आमच्या घरात मोठ्यानं बोलायचं नसतं. श्रीखंडाचा चक्का मात्र इथं ओट्यावर टांगू नकोस, रात्रभरात आंबट होतो, चाळणीत फडकं घालून खाली भांडं ठेवून फ्रिजमधेच ठेव, वेळ जास्त लागेल पण गोड राहील.

आंब्याबद्दल तू विचारलं नाहीस तरी विचारणारच आहेस. पाडव्याच्या आसपास जो आंबा दिसतो तो महाग असतो आणि बरेचदा घाईनं पिकवलेला, कार्बाइडनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे तरी बाहेरून पिवळाधमक आणि आत कोयीजवळ पांढरा, आंबट असं निघालं की समजून जायचं. थांब जरा, एप्रिल उलटू दे. आणि आला तरी केकच्या पिठात घालू नकोस. आंब्याचा जो वास आहे तो भाजल्यावर निम्मा उडून जातो, उरतो तो पिवळा रंग आणि ओलसरपणा. साधा केक कर, पूर्ण गार कर, वर चक्का आणि आंब्याच्या फोडी, लगेच खा.

कलिंगड खाऊन झालं की सालाचा हिरवा भाग सोलून टाक आणि पांढरा भाग ठेव. त्याचे बारीक चौकोनी तुकडे पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकड, निथळ, वजनाएवढी साखर आणि बुडेल एवढं पाणी घालून एकतारी पाक होईपर्यंत शिजव, लिंबाचे दोन थेंब, वेगवेगळ्या वाट्यांत रंग, रात्रभर पाकात. सकाळी चाळणीवर निथळून गच्चीवर मलमलच्या फडक्याखाली ठेव. पुण्यात दोन दिवस लागत असतील, इथं संध्याकाळपर्यंत टूटीफ्रूटी तयार असते. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

शेवटचं एक, कारण हे तुला होणारच आहे. एप्रिल-मेमधे संध्याकाळी वळीव येतो आणि लाइट जाते, आणि केक आत असतो. दार उघडू नकोस. पंचेचाळीस मिनिटांच्या केकला तीस-पस्तीस मिनिटं झाली असतील तर तसंच राहू दे, बंद ओटीजीची धग बऱ्यापैकी टिकते, वीस मिनिटांनी सुरी घालून बघ. दहा-पंधरा मिनिटंच झाली असतील तर मात्र वाट बघू नकोस. जाड बुडाच्या कुकरमधे दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, रिंग आणि शिट्टी काढून झाकण, मोठ्या गॅसवर आठ मिनिटं तापव आणि टिन अलगद त्यात. मग एकदम बारीक गॅस. माझ्याकडं एक जुना पाच लिटरचा कुकर यासाठीच वेगळा ठेवलाय, मीठ त्यातच भरून असतं, करडं पडलंय पण चालतं.